वावर विकायचं ठरलंय, दुसरं उत्पन्न नाही. टॅक्स बसेल का?

लातूर जिल्ह्यातून एका बासष्ट वर्षांच्या वाचक भगिनींचं पत्र आलंय. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. लातूर शहराबाहेर सव्वादोन एकर वावर आहे. यजमानांना ते त्यांच्या वडिलांकडून १९९० च्या सुमारास मिळालं. आता सातबाऱ्यावर या बाई, मुलगा आणि मुलगी अशी तिघांची नावं आहेत. सोयाबीन आणि तूर बटईनं होते. बँकेतल्या ठेवीचं वर्षाला साठ हजार व्याज येतं, बाकी कमाई नाही. प्लॉटिंग करणाऱ्या एकानं वावराचे ६० लाख कबूल केलेत. इसार झालाय, मार्च २०२६ अखेर खरेदीखत करायचं ठरतंय. दीर म्हणतात, शेतीला टॅक्स नसतो. पुण्यात नऊ लाख पगार असलेला मुलगा म्हणतो, बारा लाखांपर्यंत माफच आहे. मध्यस्थ सुचवतो की खरेदीखत ३८ लाखांचं करा, २२ लाख रोख घ्या आणि लेकीचं हक्कसोड करून टाका, म्हणजे सह्यांची कटकट कमी. मुलाला या पैशातून पुण्यात फ्लॅट घ्यायचाय. बाई विचारतात: "मला उत्पन्नच नाही, मग टॅक्स कशाचा? आणि बसलाच तर हातात काय उरेल? गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय आणि पुढं कुणापुढं हात पसरायचा नाही, एवढंच मनात आहे."

ताई,

तुमचा प्रश्न 'मला उत्पन्नच नाही' इथून सुरू होतो. आयकर खातं मात्र तिथून सुरुवात करत नाही. जमीन विकून जो नफा होतो तो त्या वर्षापुरता तुमचं उत्पन्नच धरला जातो, मग एरवी तुमच्या हातात महिन्याला पाच हजार येत असोत नाहीतर पन्नास हजार. कमी कमाईचा फायदा तुम्हाला मिळतो, पण तो शेवटी. त्याआधी तीन गोष्टी पक्क्या व्हायला हव्यात: वावर नेमकं कुठं आहे, कुणाकुणाच्या नावावर आहे आणि खरेदीखत कोणत्या तारखेला होतंय. तुमच्या घरात सध्या या तिन्हींवर अंदाज चाललेत.

दीर म्हणतात ते अर्धं खरं आहे. ग्रामीण शेतजमीन आयकराच्या लेखी भांडवली मालमत्ताच नाही, त्यामुळे ती विकून कितीही पैसे आले तरी भांडवली नफ्याचा कर बसत नाही. पण ग्रामीण म्हणजे ग्रामपंचायतीच्या हद्दीत, एवढाच त्याचा अर्थ नाही. जवळच्या नगरपालिकेची किंवा महापालिकेची लोकसंख्या दहा हजारांपेक्षा जास्त आणि एक लाखापर्यंत असेल तर तिच्या हद्दीपासून २ किलोमीटर, एक लाखाच्या वर आणि दहा लाखांपर्यंत असेल तर ६ किलोमीटर, दहा लाखांच्या वर असेल तर ८ किलोमीटर, एवढ्या पट्ट्यातली शेतजमीन शहरी धरली जाते. लोकसंख्या अजून २०११ च्या जनगणनेचीच मोजतात. म्हणजे आपल्याकडं छत्रपती संभाजीनगरभोवती ८ किलोमीटर. लातूर, नांदेड, परभणी, जालना आणि बीडभोवती ६. हिंगोली, परळी, अंबाजोगाई, गंगाखेड, सेलू अशा गावांभोवती २. अलीकडं झालेल्या नगरपंचायतीही यात येऊ शकतात, हे तालुक्याच्या गावाजवळ जमीन असलेल्यांनी लक्षात ठेवावं.

तुम्ही लिहिलंय की मुलानं मोटारसायकलवरून जाऊन मोजलं, सात किलोमीटर भरलं, म्हणजे आपण सुटलो. ताई, हे मोजमाप चालणार नाही. २०१३-१४ या आर्थिक वर्षापासून अंतर हवाई, म्हणजे सरळ रेषेत मोजतात. तेही गांधी चौकापासून किंवा बसस्टँडपासून नाही, महापालिकेच्या हद्दीपासून. आणि ते तुमच्या गटापर्यंत, गावच्या वेशीपर्यंत नाही. रस्ता ओढ्याला वळसा घालून, दोन फाट्यांवर वळून जात असेल तर रस्त्याचे सात किलोमीटर सरळ रेषेत साडेपाचही भरतील, साडेसहाही भरतील. साडेपाच आणि साडेसहा यांत तुमच्या घराचा सहा-साडेसहा लाखांचा फरक आहे. म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हवाई अंतराचा लेखी दाखला काढा. तहसील कार्यालयात आणि नगररचना विभागात अर्ज करा. गट नंबर टाका, गटाचा नकाशा जोडा आणि 'महापालिका हद्दीपासून सरळ रेषेतील अंतर' हे शब्द अर्जात असू द्या. नुसतं 'शहरापासून अंतर' लिहिलं तर तुम्हाला रस्त्याचंच अंतर मिळेल आणि तो कागद नंतर उपयोगी पडणार नाही.

त्याच फेरीत सातबारा नीट वाचून घ्या. भोगवटादार वर्ग २ किंवा इनाम असा शेरा आहे का ते पाहा. मराठवाड्यात निजामकाळापासूनच्या इनामी जमिनी अजून भरपूर आहेत, आणि त्यांना आधी परवानगी आणि नजराणा लागतो. असा शेरा निघाला तर खरेदीखताची तारीख विसरा, तो विषय आधी.

अंतर सहाच्या वर निघालं तर कर शून्य. दाखला, पीकपाहणीच्या नोंदी आणि खरेदीखत एका पिशवीत ठेवा, पुढं नोटीस आलीच तर तेवढं दाखवायचं. सहाच्या आत निघालं तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

पहिलं म्हणजे ६० लाख तुमचे एकट्याचे नाहीत. पत्रात सगळीकडं 'माझं वावर', 'माझे पैसे' असं आलंय. चार वर्षं तुम्हीच ते सांभाळलंत, त्यामुळं तसं वाटणं अगदी साहजिक आहे. पण सातबाऱ्यावर तीन नावं आहेत आणि कर प्रत्येकाच्या हिश्शावर वेगळा मोजतात. मी इथं तिघांना सारखा, म्हणजे वीस-वीस लाखांचा हिस्सा धरतो. वडिलोपार्जित जमिनीत हिस्से वेगळेही पडतात, ते वकिलाकडून एकदा नक्की करून घ्या.

नफा म्हणजे अख्खे वीस लाख नव्हेत. जमीन २००१ च्या आधीपासून घरात आहे, म्हणून १ एप्रिल २००१ रोजीची तिची किंमत ही तुमची मूळ किंमत धरता येते. ती नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून काढून घ्यायची, पण त्या दिवशीच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. समजा, पूर्ण वावराची ती किंमत ३ लाख निघाली. प्रत्येकाच्या वाट्याला १ लाख, म्हणजे प्रत्येकाचा नफा १९ लाख. २००१ नंतर विहीर खोदली असेल, बोअर घेतला असेल, पाइपलाइन टाकली असेल तर त्या पावत्या शोधा. तो खर्चही वजा होतो. मध्यस्थाची दलालीही होते, पण ती चेकनं दिलेली हवी.

दर १२.५ टक्के आहे. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जमिनीला आणखी एक वाट आहे. महागाई निर्देशांकानं मूळ किंमत वाढवायची आणि २० टक्क्यांनी कर काढायचा, आणि दोन्हींत जो कमी तो भरायचा. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६ आहे, म्हणजे तुमचा १ लाख ३ लाख ७६ हजार होतो आणि २० टक्क्यांनी कर सव्वातीन लाखांच्या आसपास जातो. तुमच्या बाबतीत १२.५ टक्केच स्वस्त. ज्यांची मूळ किंमत मोठी आहे त्यांनी मात्र दोन्ही हिशेब मांडून पाहावेत.

आता कमी उत्पन्नाचा फायदा. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी ४ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त आहे. तुमचं व्याज साठ हजार. उरलेले ३ लाख ४० हजार तुम्ही जमिनीच्या नफ्यातून वजा करू शकता. राहिले १५ लाख ६० हजार. त्यावर १२.५ टक्के म्हणजे १ लाख ९५ हजार, वर ४ टक्के उपकर. एकूण २ लाख २ हजार ८००. वीस लाखांतून एवढे जाऊन तुमच्याकडं जवळजवळ १८ लाख राहतात, ताई. तुम्हाला भीती होती तेवढी वाईट परिस्थिती नाही.

मुलाची 'बारा लाख माफ' ही समजूत मला खोडून काढायलाच हवी, कारण ती हल्ली घरोघरी ऐकू येते. ४ लाखांच्या वर आणि १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो तो सवलतीमुळं, आणि ती सवलत जमिनीच्या नफ्यासारख्या वेगळ्या दराच्या उत्पन्नाला लागू नाही. उलट मुलाला जास्तीचा फटका आहे. जमिनीचा नफा मिळवल्यावर त्याचं एकूण उत्पन्न बारा लाखांच्या पलीकडं जातं, म्हणून पगारावरची सवलतही त्या वर्षी जाते. नऊ लाख पगारावर एरवी त्याला शून्य कर होता, या वर्षी २३ हजार ४०० भरावे लागतील. जमिनीवरचे २ लाख ४७ हजार वेगळे. त्याला हे आत्ताच कळू द्या. जुलैमध्ये रिटर्न भरताना कळलं तर त्याचा राग तुमच्यावर निघेल. शिवाय त्याला आणि मुलीला आगाऊ करही मार्चअखेरच भरावा लागतो, नाहीतर व्याज चढतं. तुम्ही साठीच्या पुढं आहात आणि धंद्याचं उत्पन्न नाही, म्हणून तुम्हाला आगाऊ कराची सक्ती नाही.

आता लेकीचं हक्कसोड. मध्यस्थ म्हणतो सुटसुटीत होईल. कुणासाठी सुटसुटीत? तिला स्वतःचं उत्पन्न नाही असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे तिचे पूर्ण ४ लाख नफ्यातून वजा होतात आणि तिचा कर १ लाख ९५ हजार येतो. तिघांचा जमिनीवरचा कर मिळून ६ लाख ४४ हजार ८००. दोघांनीही हक्क सोडून सगळं तुमच्या एकटीच्या नावावर केलं तर उत्पन्न ५० लाखांच्या वर जातं, अधिभार लागतो आणि कर ७ लाख ६६ हजारांवर पोचतो. नुसत्या हिशेबानंसुद्धा लेकीचं नाव सातबाऱ्यावर असणं घराच्या फायद्याचं आहे.

पण मी हे फक्त हिशेबासाठी सांगत नाही. आपल्याकडं भाऊबीजेची साडी देऊन सही घेण्याची रीत इतकी अंगवळणी पडलीय की आईलाही त्यात काही वावगं वाटत नाही. तुमच्या पत्रात मुलाचा पगार आहे, फ्लॅट आहे, दिराचं मत आहे. लेकीला काय वाटतं याची एक ओळही नाही. तिला विचारा. मनापासून 'मला नको' म्हणाली तरी पैसे आधी तिच्या खात्यावर येऊ द्या, मग तिला वाटलं तर ती तुम्हाला देईल. लेकीनं आईला दिलेल्या बक्षिसावर आईला कर नसतो. सही करून हक्क सोडणं आणि हातात आलेले पैसे आईला देणं यांत तिच्या मनाला फार फरक पडतो.

२२ लाख रोखीच्या सल्ल्याला सरळ नाही म्हणा. रोखीनं तिघांचा मिळून वाचतो किती? उपकर धरून शंभराला तेरा रुपये, म्हणजे २ लाख ८६ हजार. त्याच्या बदल्यात काय होतं ते पाहा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. ती रोख बँकेत भरायची सोय नाही, कारण कुठून आली हे सांगता येत नाही. ऑपरेशनचं बिल तिच्यातून देता येईल, पण महिन्याचं व्याज ती देणार नाही. चोरी झाली तर तक्रारही करता येणार नाही. मुद्रांक शुल्क कमी लागणार ते घेणाऱ्याला. धोका मात्र बासष्ट वर्षांच्या बाईच्या कपाटात. शिवाय ३० लाखांच्या वरची नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयातून आयकर खात्याला आपोआप कळते, आणि रेडीरेकनरच्या सरकारी दरापेक्षा कमी रक्कम लिहिली तर दहा टक्क्यांची सूट सोडून कर रेडीरेकनरवरच बसतो.

किंमत ५० लाखांच्या वर असल्यानं आणि जमीन शहरी पट्ट्यात निघाली तर, घेणारा १ टक्का, म्हणजे साठ हजार कापून सरकारकडं भरेल. ते पैसे बुडत नाहीत, तिघांच्या करातून वजा होतात. मात्र पॅन आधारला जोडलेलं हवं, नाहीतर एकाऐवजी २० टक्के कापतात. तुमचं पॅन जोडलेलं आहे का, हे आजच बघा.

राहिली कर वाचवायची वाट, आणि इथं मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण कर वाचवायच्या नादात माणसं पैसाच अडकवून बसतात.

फ्लॅट घेऊन कर वाचतो हे खरं, पण तुमच्या हिश्शाचा कर वाचायला घर तुमच्या नावावर हवं. मुलाच्या नावावर घेतलं तर तुमची सूट वादात सापडते. आणि पूर्ण सूट हवी तर विक्रीची पूर्ण रक्कम, नुसता नफा नाही, घरात घालावी लागते. गुडघा, म्हातारपण आणि वीस लाख, सगळं पुण्यातल्या एका फ्लॅटच्या भिंतीत. दोन लाख वाचवायला हे करू नका. मुलाला घर हवंय, त्यानं त्याच्या वीस लाखांत घ्यावं. त्याचा कर वाचेल आणि घरही त्याचं होईल.

दुसरी शेती घेतली तरी सूट आहे: दोन वर्षांत घ्यायची आणि तीन वर्षं विकायची नाही. त्याला अट अशी की विकलेली जमीन आधीची दोन वर्षं तुम्ही किंवा तुमच्या आईवडिलांनी कसलेली हवी. तुमची बटईनं होती, तिथं खातं शंका काढू शकतं. बटईच्या कुणालाही ही वाट घ्यायची असेल तर पीकपाहणीत आपलं नाव आणि बियाण्या-खताच्या पावत्या हव्यात. तुम्हाला आता वावर नकोय, म्हणून हे इथंच सोडतो.

तिसरी वाट रोख्यांची. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी या सरकारी वित्त कंपन्यांचे खास रोखे असतात. विक्रीपासून सहा महिन्यांत घ्यायचे, ५० लाखांपर्यंत, पाच वर्षं हात लावायचा नाही. व्याज साधारण सव्वापाच टक्के. तुम्ही १५ लाख ६० हजार त्यात घातले तर कर शून्य आणि वर्षाला ८१ हजार ९०० व्याज. रोखे न घेता कर भरून टाकला तर त्यातले १३ लाख ५७ हजार उरतात. ते पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १ लाख ११ हजार मिळतात, दर तीन महिन्यांनी. पाच वर्षांचा हिशेब केला तर रोख्यांनी शेवटी पंचावन्न-छप्पन हजार जास्त राहतात, तेवढेच. त्यासाठी पाच वर्षं दर महिन्याला अडीच हजार कमी घ्यायचे आणि अडीनडीला पैसे काढता येणार नाहीत. पोस्टातले थोडी कपात सोसून मोडता येतात. गुडघ्याचं ऑपरेशन समोर असताना मी तुमच्या जागी कर भरून मोकळा झालो असतो. फार तर तीन-चार लाखांचे रोखे घेतले असते, तेवढ्यापुरता कर वाचला असता.

तारखेचंही बघा. खरेदीखत मार्चअखेर केलं तर रिटर्न ३१ जुलैला, चार महिन्यांत. तेच एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात केलं तर रिटर्न पुढच्या वर्षीच्या जुलैत, आणि घर घ्यायच्या मुलाला पैसे बँकेच्या भांडवली नफा खात्यात (घर होईपर्यंत सूट टिकवायला पैसे ठेवायचं खास खातं) टाकायची मुदतही तेवढी लांबते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे नंबर वेगळे आहेत, म्हणून मी इथं नंबर दिलेच नाहीत. घेणारा आठ दिवस थांबायला तयार असेल तर मी थांबेन. मात्र तोवर ताबा देऊ नका. नोंदणीकृत इसार करून मार्चमध्येच ताबा दिला तर विक्री मार्चमधलीच धरली जाऊ शकते.

एक गोष्ट माझ्या मावशीची. तिच्या खरेदीखताच्या दिवशी रजिस्ट्री ऑफिसात अंगठ्याच्या मशीनवर तिचा ठसा उमटेना. आयुष्यभर खुरपं धरून रेघा झिजलेल्या. तिथल्या मुलीनं ओल्या फडक्यानं अंगठा पुसला, परत ठेवायला लावला, चार-पाच वेळा. शेवटी उमटला. तेवढ्या वेळात मावशीच्या पुतण्यानं चेकवर तिच्याऐवजी स्वतःचं नाव घालून घेतलं होतं आणि तिला ते कळलं आठ दिवसांनी, पासबुक भरायला गेली तेव्हा. कर मात्र तिच्याच नावावर निघाला.

म्हणून तुम्ही आत्ताच घेणाऱ्याला सांगा की तीन हिश्शांचे तीन डीडी हवेत, तीन नावांचे, आणि त्यांचे नंबर खरेदीखताच्या मजकुरात हवेत. खरेदीखताच्या आदल्या दिवशी मसुदा लेकीकडून मोठ्यानं वाचून घ्या. सही करायच्या आधी तुमच्या नावाचा डीडी स्वतःच्या हातात घ्या. घरी जाताना वाटेत बँक लागतेच, तो त्याच दिवशी खात्यावर भरा आणि पासबुकावर नोंद उठेपर्यंत तिथंच बसा.